पीक कापणीच्या चौकोनामागचा माणूस: बुधचे पांडुरंग सुखात्मे

नाशिक : खरिपाची सोंगणी जवळ आली की येवल्यात मक्याच्या, मालेगावात बाजरीच्या नाहीतर इगतपुरीत भाताच्या एखाद्या वावरात चार माणसं टेप आणि दोरी घेऊन उभी दिसतात. तलाठी, कृषी सहाय्यक, विमा कंपनीचा पोरगा आणि ज्याचं वावर निघालं तो शेतकरी. बऱ्याच पिकांना दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखतात, खुंट्या ठोकतात, आतलं पीक कापून मळतात आणि वजन करतात. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि भरपाई या कापणी प्रयोगाच्या आकड्यावर आली. तेव्हापासून या चौकोनाकडे गावाचं लक्ष जरा जास्तच आहे.

वावर चिठ्ठी काढल्यासारखं का निवडायचं, चौकोन एवढा मोठाच का घ्यायचा, हे सगळं काही विमा कंपनीनं ठरवलेलं नाही. त्यामागे ऐंशी वर्षांपूर्वीचं भांडण आहे. त्या भांडणात एका बाजूला सातारा जिल्ह्यातला एक माणूस उभा होता. त्याचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मेंचा जन्म २७ जुलै १९११ चा, खटाव तालुक्यातल्या बुध गावचा. खटाव म्हणजे माणदेशाला लागून असलेला कमी पावसाचा पट्टा. आपल्याकडे सिन्नर, नांदगाव, येवल्याच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून गणित घेऊन १९३२ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी शिकायला लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात.

संख्याशास्त्र शिकायला तेव्हा जगात त्यापेक्षा मोठी जागा नव्हती. पण पोरगा पोचला तो नेमका वाटण्या झालेल्या घरात. कार्ल पिअर्सन १९३३ साली निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले. एक त्यांचा मुलगा एगॉन पिअर्सन यांच्याकडे, दुसरा रोनाल्ड फिशर यांच्याकडे. दोघांचं पटत नव्हतं. एकाच इमारतीत बसायचे, पण दोन्हीकडच्या माणसांच्या चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या. एक गट उठून गेला की मग दुसरा यायचा. बांधावरून बोलणं बंद झालेले भाऊबंद असतात ना, तसाच प्रकार.

त्यातच १९३४ साली पोलंडहून येर्झी नेमन नावाचा पाहुणा व्याख्याता पिअर्सनच्या विभागात आला. मोजक्या नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज कसा बांधायचा, हा त्याचा विषय. त्याचं म्हणणं आपल्या जिल्ह्यावरून बघू. नाशिक जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं तर सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या एकाच टोपीत टाकून चालत नाही. एखाद्या वेळी सगळी गावं बागायती निफाडचीच निघतील, नाहीतर सगळी कोरडवाहू नांदगावची. म्हणून पट्टे पाडायचे. इगतपुरी-सुरगाण्याचा पावसाचा पट्टा वेगळा, निफाड-दिंडोरीचा वेगळा, येवला-नांदगावचा वेगळा. प्रत्येक पट्ट्यातून वेगळ्या चिठ्ठ्या काढायच्या. आणि जिथं एका वावरात चांगलं पीक आणि शेजारी काहीच नाही असा फरक जास्त, तिथं नमुनेही जास्त घ्यायचे.

यात एक अडचण आहे. फरक किती आहे ते आधीच माहीत असतं तर मोजायला कशाला गेलो असतो? थोडे नमुने आधी घेऊन त्यावरून फरकाचा अंदाज बांधला तर काम भागतं का, हे सुखात्मेंनी तपासलं आणि बहुतेक वेळा भागतं असं दाखवलं. त्यावरचा त्यांचा लेख १९३५ साली छापून आला. तेव्हा त्यांचं वय चोवीस.

पण ते एकाच गटात अडकून बसले नाहीत. दोन वाणांच्या उत्पन्नाची सरासरी कशी ताडून बघायची, यावर फिशरची एक पद्धत होती आणि नेमनच्या बाजूच्या लोकांना ती मान्य नव्हती. त्या पद्धतीची कोष्टकं सुखात्मेंनी करून दिली. ज्या दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं त्या दोघांकडून हा माणूस शिकून घेत होता. १९३६ मध्ये पीएच.डी. झाली आणि १९३९ मध्ये त्याच्याही वरची डी.एस्सी.

परत आल्यावर थोडा काळ कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत काम केलं. १९४० पासून ते दिल्लीला, शेतीसंशोधनाच्या केंद्रीय परिषदेत, म्हणजे आज ज्याला आयसीएआर म्हणतात तिथं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

तेव्हा देशात धान्य किती पिकलं हे कसं ठरायचं? डोळ्यांनी. गावकामगार शिवारावर नजर टाकायचा आणि सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आहे ते लिहायचा. आणेवारी हा शब्द तिथला. आता तिला पैसेवारी म्हणतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात अजून आणेवारीच आहे. पीक कमी लिहिलं तर सारा माफ होण्याची आशा, जास्त लिहिलं तर साहेब खूश. त्यामुळे कागदावरचं पीक आणि खळ्यातलं पीक यांची गाठ क्वचितच पडायची. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि धान्य नेमकं किती आहे याचा भरवशाचा हिशेब सरकारजवळ नव्हता.

डोळ्याऐवजी विळा लावून मोजायचं, ही कल्पना सुखात्मेंची नव्हे. बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९२० च्या दशकातच ती करून पाहिली होती. आपल्या विदर्भात कापसावर विनायक गोविंद पानसे यांचंही काम चालू होतं. आणि बंगालमध्ये होते प्रशांतचंद्र महालनोबीस, भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक. देशात संख्याशास्त्र म्हटलं की त्यांचंच नाव आधी यायचं. सुखात्मेंचं भांडण झालं ते याच महालनोबीसांशी.

भांडण दोन गोष्टींवर होतं. पहिली म्हणजे मोजायचं कुणी. महालनोबीस म्हणत, खास शिकवलेली फिरती माणसं ठेवा, गावच्या कामगारावर भरवसा नको. सुखात्मे म्हणत, महसूल आणि शेतीखात्याची माणसं गावोगाव आहेतच, त्यांनाच शिकवा आणि वर तपासणी ठेवा. एवढ्या मोठ्या देशात नवी फौज उभी करायला पैसा कुठून आणणार? आज आपल्या वावरात तलाठी आणि कृषी सहाय्यक येतात, ते सुखात्मेंच्या बाजूनं लागलेल्या निकालामुळे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, कारण तिच्यात शेतकऱ्याचा पैसा अडकला आहे. तुकडा केवढा घ्यायचा? महालनोबीस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. छोटा तुकडा लवकर कापून होतो, दिवसात जास्त ठिकाणं होतात. सुखात्मेंनी गव्हाच्या शेतात लहान-मोठे तुकडे कापून ताडून पाहिलं. दोन-तीन फूट त्रिज्येच्या छोट्या गोलात उत्पन्न नेहमी खऱ्यापेक्षा जास्त भरतं, मोठ्या तुकड्यात तसं होत नाही, हे त्यांना दिसलं. १९४६-४७ च्या आसपास त्यांनी हे छापून मांडलं.

असं का होतं? कापणाऱ्याचा हात कडेला आला की जे झाड धड आत नाही, धड बाहेर नाही, ते तो आतच धरतो. लबाडी नसते, हाताची सवय असते. आता हिशेब घाला. साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलात कडेला फक्त पाच सेंटिमीटर जास्त कापलं तर क्षेत्र सतरा टक्क्यांनी वाढतं. दहा बाय पाच मीटरच्या चौकोनात चारी बाजूंनी तेवढंच जास्त कापलं तर वाढ होते तीन टक्के. समजा खरं उत्पन्न एकरी १० क्विंटल आहे. छोट्या गोलात ते ११ क्विंटल ७० किलो दिसेल, मोठ्या चौकोनात १० क्विंटल ३० किलो. तुमच्या मंडळाचं उंबरठा उत्पन्न ११ क्विंटल असेल तर पहिल्या मोजणीनं विमा बुडाला, दुसरीनं मिळाला. म्हणून चौकोन आखताना टेप ताणलेला आहे का, कडेचं ताट कुठं धरलं, हे बांधावर उभं राहून बघितलेलं बरं. आणि वावराच्या नैऋत्य कोपऱ्यापासून, आधी काढून ठेवलेल्या आकड्यांप्रमाणे मोजत जाऊनच तुकडा ठरतो. इथं पीक बरं दिसतंय, इथंच घ्या, असं चालत नाही.

१९४७ च्या सुरुवातीला कृषी संख्याशास्त्राची एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते आणि धावपळ सुखात्मेंची. पानसे आणि सुखात्मे या दोघांनी शेतीतल्या प्रयोगांचा हिशेब कसा मांडायचा यावर लिहिलेलं पुस्तक १९५४ साली आलं. कृषी महाविद्यालयातल्या पोरांना विचारा, पानसे-सुखात्मे हे जोडनाव ते आजही पुस्तक म्हणूनच ओळखतात. त्याच सुमारास, १९५३ साली, हुजुरबाजारांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग सुरू केला. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली.

सुखात्मे मात्र तोवर रोमला पोचले होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना १९५१ साली वॉशिंग्टनहून रोमला हलली आणि तिच्या संख्याशास्त्र विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली. वीस वर्षं ते तिथं होते. जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. सुखात्मेंनी हिशेब केला आणि १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडला. पोटालाच कमी पडतं अशी माणसं शंभरात दहा ते पंधरा. पोट भरतं पण अन्न निकृष्ट, अशी धरली तर जवळपास निम्मं जग. उपाशी आणि कुपोषित यांची त्यांनी अशी फोड केली. या कामाबद्दल १९६३ साली सोसायटीनं त्यांना गाय रौप्यपदक दिलं.

१९७१ साली पद्मभूषण मिळालं. रोमहून परत आल्यावर ते पुण्यातच राहिले. साठी उलटलेली, पण स्वस्थ बसणं स्वभावात नव्हतं. गरिबांना प्रथिनं कमी पडतात, त्यांना वरून प्रथिनांची पावडर द्या, असा जगभर बोलबाला होता. त्यांनी आकडे काढून दाखवलं की भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली तर बहुतेकांची प्रथिनं आपोआप भागतात. कमी पडते ती भाकरीच. हे म्हणणं पुढे बऱ्यापैकी मान्य झालं.

त्यानंतरचं म्हणणं मात्र सहज पचलं नाही. तोच माणूस, तेच काम, तरी एखाद्या दिवशी चार भाकरी खातो, एखाद्या दिवशी तीन. कमी मिळालं की शरीर काही मर्यादेपर्यंत काटकसर करून निभावून नेतं. मग सरासरी गरजेच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? रेषा त्या मर्यादेच्या तळाशी धरा, असं सुखात्मे म्हणत. पुण्यातच गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते. नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी १९७१ साली माणशी २२५० कॅलरीचा निकष धरून देशातली गरिबी मोजली होती. त्यांना हे अजिबात पटलं नाही. रेषा खाली ओढली की उपाशी माणसं कागदावर कमी होतात, ताटात काही वाढत नाही, हा विरोधकांचा आक्षेप. तो खोटा म्हणता येणार नाही. ज्या माणसानं कागदावरचं फुगलेलं पीक खाली आणलं, त्याच्यावरच कागदावरची भूक कमी केल्याचा ठपका आला.

सुखात्मेंचा रोख मात्र आणखी एका गोष्टीवर होता. हगवणीनं खंगलेल्या पोराला कितीही खायला घातलं तरी अंगी लागत नाही. म्हणून अन्नासोबत प्यायचं पाणी आणि गावची स्वच्छता बघा, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. कॅलरीच्या रेषेवरचा वाद तज्ज्ञांमध्ये त्यांच्या हयातीत मिटला नाही. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. केंद्र सरकार आता त्यांच्या नावानं ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना दर दोन वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कार देतं.