पुठ्ठा, चिंध्या आणि ताराबाई मोडक

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बालवाडीविषयी कोणी तरी लिहावे असे ठरले, आणि सर्वांत जुनी शिक्षिका म्हणून ते काम माझ्याकडे आले. बालवाडीचे लिहायचे म्हणजे कै. ताराबाई मोडक यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी त्यांना पाहिले नाही. मी मंडळाच्या बालवाडीत आले तेव्हा त्यांना जाऊन दहाबारा वर्षे झाली होती. पण माझ्या हातून घडलेली एक चूक मला उमगली ती त्यांच्या चरित्रामुळे, म्हणून त्यांचे चरित्रच आपणां भगिनींना सांगते. मधूनमधून आपल्या ढोकीचे येईल, ते चालवून घ्यावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद त्यांच्या घरी नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी बी. ए. झालेल्या बायका किती असतील याचा आपणच विचार करावा. पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी विवाह झाला. तो संसार मात्र टिकला नाही. १९२१ साली उभयता विभक्त झाले, आणि लहान मुलीला घेऊन ताराबाई स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. या दुःखाचा बाजार त्यांनी कधी मांडला नाही, तेव्हा आपणही तेथे फार वेळ थांबू नये.

राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्रमुख होत्या. मानाची, पगाराची जागा. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या, तेथे गिजुभाई बधेका यांच्याकडे. गिजुभाईही मूळचे वकील. वकिली टाकून त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते. मुलांमध्ये ते असे रमत की लोक त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणत. इटलीच्या मादाम मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत जी शाळा उघडली, तिची पद्धत हे दोघे गुजरातच्या मातीत रुजवू पाहत होते. मूल मारून शिकत नाही, पाठ करूनही फारसे शिकत नाही. हाताने धरून, उघडून, लावून, मोजून ते शिकते. आज हे कोणीही बोलते, त्या काळी छडी हेच शाळेचे मुख्य साधन होते. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती त्या चालवीत. शिशुविहार नावारूपाला आले, शिक्षिकांचे वर्ग भरू लागले. येथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण मॉन्टेसरीची साधने महाग. गुळगुळीत लाकडाचे दट्टे, मनोरे, रेशमी दोरा गुंडाळलेल्या रंगांच्या पाट्या, खरखरीत कागदाची अक्षरे, बटणे व फितींच्या चौकटी. दादरच्या पालकांना ती परवडत, खेड्यातल्या मुलाचे काय? १९३७ पासून गांधीजींची वर्धा योजना देशापुढे होती, पण ती सात वर्षांच्या पुढल्या मुलांची. त्याहून लहान मूल, तेही खेड्यातले, कोणाच्याच हिशेबात नव्हते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबईचे चालते काम सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. या वयात आपण सुनेच्या हाती किल्ल्या देण्याचा विचार करू लागतो! त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. त्या बालविधवा, कष्टाने शिकलेल्या. ही जोडी शेवटपर्यंत टिकली.

बोर्डीस त्यांनी पहिली मोठी गोष्ट केली ती साधनांची. लाकडी दट्ट्यांवाचून शाळा अडून राहते हे त्यांनी मानले नाही. समुद्राकाठचे गाव, तेव्हा शंख-शिंपले. झाडाखालच्या बिया, पाने, फुले, खडे, माती, काड्या. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व ठेवले, सामान गावचे घेतले. एखाद्या सुगरणीने परगावची पाककृती ऐकावी आणि घरात आहे त्या पिठावर ती उतरवावी, तसेच हे.

आपल्या मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत जे आहे त्याचे मूळ येथे आहे. ती पेटी आपणां सर्वांना ठाऊक आहे, पण आत काय व कसे हे नव्या सभासद भगिनींना माहीत नसेल म्हणून सांगते. अक्षरांची कार्डे आम्ही जुन्या लग्नपत्रिका पुठ्ठ्यावर चिकटवून करीत असू. स्वरांना एक रंग, व्यंजनांना दुसरा. सुताराकडच्या पॉलिशपेपरचे अक्षर कापताना ते मागल्या बाजूने उलटे काढावे लागते. हे मला कोणी सांगितले नव्हते आणि माझे पहिले सहा ग सगळे पाठमोरे निघाले! पॉलिशपेपर विकत घेणे जड जाऊ लागले तेव्हा तेरणेची वाळू पिठाच्या चाळणीने चाळली, बाभळीच्या डिंकाने पुठ्ठ्यावर अक्षर रेखले आणि ओले असतानाच त्यावर वाळू भुरभुरली. वाळल्यावर झटकून टाकायची. मूल बोट फिरवते तेव्हा ग चे वळण त्याच्या बोटाला आधी कळते, डोळ्यांना मागून. बोट मात्र आपण लिहितो त्याच दिशेने फिरले पाहिजे, नाही तर सवय उलटी लागते. खळ मैद्याची. तीत मोरचूद घालण्याची चाल आहे, पण लहान मुले कार्ड तोंडात घालतात, म्हणून आम्ही कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात खळ शिजवीत असू. किडीला थोडा फार तरी अटकाव होई.

चौकटींचे काम माझे आवडते. मूळ पद्धतीत लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर ताणलेले असतात आणि मुलाने बटणे लावायची, हूक अडकवायचे, फीत बांधायची. आमच्याकडे धाटाच्या कामट्यांना जुन्या झंपराचे तुकडे शिवले. पट्ट्याच्या बकलाची चौकट केली, ती पडून राहिली, कारण इकडच्या मुलाने बकल पाहिलेलेच नसे. त्याला रोज सतावते ती चड्डीची नाडी. तेव्हा नाडीची चौकट केली, आणि पुढे गाठ मारण्याच्या चोळीवरून गाठीची. मोजणीला चिंचोके. दहाच्या कल्पनेसाठी जोंधळ्याच्या धाटाच्या दहा कांड्यांची सुतळीने बांधलेली जुडी. जुडी सोडली की दहा सुटे, बांधली की एक दशक. इतके सोपे दशक मला माझ्या शाळेत कोणी दाखवले नव्हते.

आता बोर्डीकडे वळते. केंद्र निघाले, साधने झाली, आणि ज्यांच्यासाठी हे केले ती गरिबांची मुले काही येईनात. आईबाप पहाटेच कामाला जात, शाळा हा शब्द त्यांच्या घरी नव्हता. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही की पालकांना. मुले शाळेकडे येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, असे ठरवून त्या आणि अनुताई वस्तीत गेल्या आणि तेथल्या एका अंगणात बसल्या. आधी मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी, मग खेळ. हीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि हा शब्द भारतभर गेला. तो दिवस पाहायला ताराबाई नव्हत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले होते.

पुढे संस्था बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेली. भोवती वारल्यांचे पाडे. तेथली थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तेथेच मुले शिकत. आणि विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारात आणली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण मला सर्वांत मोठी वाटते ती विकासवाडी, आणि का, हे सांगताना मला माझी चूक सांगावी लागते.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेरणा कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता, पौष महिना असावा. बालाघाटाच्या बाजूने आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या गावाबाहेर पडलेल्या होत्या. बालवाडीत मी दोन महिने खपून सत्तर कार्डे व सहा चौकटी केल्या होत्या आणि त्या काचेच्या कपाटात नीट मांडून ठेवल्या होत्या. पाहुणे यायचे होते. एके सकाळी दारात एक सहासात वर्षांची पोर येऊन उभी राहिली. परकर चिखलाने भरलेला, कडेवर वर्षाचा भाऊ. ती आत आली नाही. कपाटातल्या नाडीच्या चौकटीकडे ती किती तरी वेळ पाहत होती. मी तिला हटकले नाही, रागावलेही नाही. मी फक्त सांगितले की भावाला आईजवळ ठेवून ये, मग आत बस. पोर कार्डे चोखील, फाडील, ही माझी भीती. ती मान हलवून गेली आणि परत आली नाही.

पाहुणे आले. कपाटाची वाखाणणी झाली, माझीही झाली. मुलांच्या हाती त्या दिवशी एकही कार्ड दिले नव्हते हे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

नंतर बालसेविकांच्या शिबिरात विकासवाडीची माहिती सांगितली गेली. पाळणाघर शाळेला जोडून का, तर धाकटे भावंड सांभाळायला मोठ्या मुलीला घरी राहावे लागते, आणि म्हणून तिची शाळा बुडते. भावंडाला पाळण्यात जागा मिळाली की ती मुलगी शेजारच्या वर्गात बसू शकते. हे ऐकताना मला दारातली ती पोर दिसली. भावाला आईजवळ ठेवून ये म्हणाले, पण तिची आई उसाच्या फडात होती! ताराबाई बी. ए. होत्या, मी मॅट्रिक, पण हे कळायला कसले शिक्षण लागते? दारात उभ्या मुलाकडे नीट पाहावे लागते, इतकेच. मी कपाटाकडे पाहत होते.

शिबिराहून परतले तो कारखान्याचा पट्टा पडला होता. कोप्यांच्या जागी पाचट आणि चुलींचे दगड होते. पुढल्या हंगामात दुसऱ्या टोळ्या आल्या, ती पोर त्यांत नव्हती. मी विचारून पाहिले, पण तिचे नावच मी विचारून घेतले नव्हते, तर पत्ता कोण सांगणार?

त्या हंगामापासून मंडळाने कपाट सोडून पत्र्याची पेटी घेतली. दुपारी दोघीजणी ती घेऊन कोप्यांकडे जात. बाभळीला नऊवारी लुगड्याची झोळी बांधायची, धाकटे त्यात, मोठी खाली चटईवर. पहिल्या महिन्यात सत्तरांपैकी चाळीस कार्डे फाटली, चिंचोके तर किती गेले याची मोजदाद नाही. काही भगिनी हळहळल्या. मलाही वाईट वाटले, खोटे का बोलू? पण फाटलेल्यांत ग आणि म सर्वांत जास्त होते, म्हणजे तेच सर्वांत जास्त हाताळले गेले होते. आम्ही पुन्हा बसलो आणि पुन्हा केली. झोळीतल्या एका गड्याने तर नाडीची चौकट सोडवायला घेतली आणि पुन्हा बांधता येईना म्हणून भोकाड पसरले.

आता वयोमानाने माझ्याने कोप्यांपर्यंत चालवत नाही, कापाकापीचे काम मात्र मी घरी बसून करते. यंदाही कार्डे नव्याने करायची आहेत. ज्या भगिनींच्या घरी जुन्या लग्नपत्रिका, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, झंपरांचे तुकडे, सुटी बटणे व नाड्या असतील त्यांनी त्या मंडळाच्या खोलीत आणून द्याव्यात. सोनेरी वर्खाच्या, गुळगुळीत पत्रिका शक्यतो नकोत. त्यांवर खळ धरत नाही.