पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि त्यांना घडविणाऱ्या माउल्या

मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की मराठी माणसाच्या ओठांवर पहिले नाव येते ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे. गोंदिया, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या भागांतील जे भाविक काशी-गयेची यात्रा करून येतात, त्यांनी या साध्वीचे कार्य डोळ्यांनी पाहिलेले असते. काशीस विश्वनाथाचे मंदिर त्यांनी इ. स. १७८० मध्ये पुन्हा उभे केले. गयेत ज्या विष्णुपद मंदिरात आपण पितरांचे पिंडदान करतो, ते त्यांनीच १७८७ मध्ये बांधविले. सोमनाथास जुने मंदिर भग्न झाले होते, तेथे जवळच नवे मंदिर उभारून त्यांनी पूजा पुन्हा सुरू केली. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची तर गणतीच नाही.

एवढे कार्य ज्यांच्या हातून झाले, त्या अहिल्याबाई होळकरांच्या घरी आल्या तेव्हा जेमतेम आठ वर्षांच्या होत्या. आठ वर्षांच्या मुलीला राज्य कळत नाही, हिशेब कळत नाही. तिला कोणीतरी न्हाऊ घातले, जेवू घातले, रागे भरले, शिकविले आणि पदराखाली घेतले. त्या स्त्रियांची नावे मात्र इतिहासाच्या पानांत कोपऱ्यात राहिली. अहिल्याबाईंचे चरित्र त्यांच्यासह पाहिले तरच ते पुरे होते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील, मातोश्रींचे नाव सुशीलाबाई. घर धनगराचे, बेताचे, पण सदाचाराचे. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी नव्हती, तरी या मुलीला घरीच लिहावाचावयास शिकविले असे सांगतात. सुशीलाबाईंविषयी इतिहास फार बोलत नाही. परंतु शिवभक्ती, साधेपणा आणि कोणी दारी आला तर त्यास विन्मुख न पाठविण्याची वृत्ती अहिल्याबाईंच्या अंगी जन्मभर राहिली. ही शिदोरी माहेरची होती. चौंडीच्या शिवालयात मल्हारराव होळकरांनी ही तेजस्वी मुलगी पाहिली आणि सून म्हणून तिला मागणी घातली, अशी कथा प्रसिद्ध आहे. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

सासर मोठे होते, पण तेही कष्टातूनच वर आलेले होते. मल्हाररावांचे वडील खंडोजी हे जेजुरीजवळच्या होळ गावचे. मल्हारराव अगदी लहान असतानाच ते वारले. भाऊबंदांचा जाच होऊ लागला, तेव्हा मल्हाररावांच्या आईने पोराला घेऊन खानदेशातील तळोदे गाठले. तेथे तिचे भाऊ भोजराज बारगळ राहात. त्या विधवा माउलीने ते धाडस केले नसते तर होळकरांची दौलत उभीच राहिली नसती. मामाच्या घरी मेंढ्या राखीत, पुढे घोड्यावर बसत मल्हारराव मोठे झाले आणि मामाचीच कन्या गौतमाबाई ही त्यांची पत्नी झाली.

याच गौतमाबाई अहिल्याबाईंच्या सासूबाई. शिपाईगिरीपासून सुभेदारीपर्यंतचा पतीचा सारा प्रवास त्यांनी पाहिला होता. मल्हारराव बहुतेक वर्ष स्वारीवर असत. त्यामुळे घर, नोकरचाकर, आल्यागेल्याचा परामर्श आणि धान्य-पैशाचा बंदोबस्त गौतमाबाईंकडे असे. पेशवे बाजीराव यांनी २० जानेवारी १७३४ रोजी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर करून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न २,९९,०१० रुपये होते. फौजेच्या खर्चासाठी जो सरंजाम असे त्याला दौलत म्हणत, आणि ही खासगी त्याहून वेगळी, घरातील मुख्य स्त्रीच्या अधिकाराची. हिशेब वेगळा, कारभारी वेगळे, खजिनाही वेगळा. ज्या काळी स्त्रीच्या नावावर काही असणे दुर्मीळ होते, त्या काळी गौतमाबाई ही मालमत्ता सांभाळीत होत्या.

अशा सासूच्या हाताखाली लहानगी अहिल्या वाढली. सूनबाईला आल्याबरोबर चुलीशी बसवून ठेवावे असे गौतमाबाईंनी केले नाही. घरची शिस्त, देवधर्म, नोकरांची वागणूक, गावोगावच्या वसुलाचे कागद हे सारे हळूहळू त्यांच्या नजरेखालून जाऊ लागले. खंडेरावांचे लक्ष कारभारात फारसे नव्हते, म्हणून सासूसासऱ्यांची भिस्त सुनेवर अधिक पडली. मल्हाररावांनी त्यांना राज्यकारभार शिकविला हे सर्वजण सांगतात आणि ते खरेच आहे. पण सासरा वर्षातून किती दिवस घरी असे? रोजचा धडा सासूकडूनच मिळत होता. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई ही अपत्ये झाली, तेव्हा नातवंडांना मांडीवर घेऊन सुनेला कामासाठी मोकळीक देणाऱ्या आजीही याच.

होळकरांच्या घरात आणखी एक स्त्री होती, हरकूबाई. मल्हाररावांच्या खांड्याशी त्यांचे लग्न लागले होते, म्हणून त्यांना खांडा राणी म्हणत. त्यांचाही घरात मान होता. याखेरीज पाणी भरणाऱ्या, दळण दळणाऱ्या, मुलांना खेळविणाऱ्या, स्वारीत डेऱ्यामागून चालणाऱ्या कितीतरी बाया असतील. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. राजवाडे त्यांच्याच हातांवर चालत असतात.

१७५४ साली घोर प्रसंग आला. भरतपूरकर जाटांच्या कुम्हेर किल्ल्याला वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचा आधार तुटला होता, एकुलता एक पुत्र गेला होता. मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तसे रडून तिला थांबविले. यापुढे तूच आमचा पुत्र, असे मानून त्यांनी कारभार तिच्यावर सोपविला. अहिल्याबाईंनी जगण्याचा निर्णय घेतला. त्या एका निर्णयामुळे पुढे देशातील कित्येक देवालये उभी राहिली.

२९ सप्टेंबर १७६१ रोजी गौतमाबाई निवर्तल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत पानिपताचा प्रलय झाला होता आणि मराठी राज्यावर दुःखाची छाया होती. सासूबाईंच्या मागे खासगीची जहागीर अहिल्याबाईंकडे आली. ती केवळ पैशाची वाटणी नव्हती. अठ्ठावीस वर्षे जे शिकविले, त्याची किल्लीच सुनेच्या हाती आली. पुढे १७६५ मध्ये मल्हाररावांनी त्यांना तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्यास, दारूगोळ्याची तजवीज करण्यास आणि वाटेवर चौक्या बसविण्यास लिहिले. सुनेला असा हुकूम लिहिणारा सासरा विरळा, आणि तो पार पाडणारी सून त्याहून विरळी.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. मालेराव सुभेदार झाले, पण १७६७ मध्ये तेही गेले. दौलत बेवारस झाली असे समजून राघोबादादा फौजेनिशी माळव्याकडे निघाले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी शिंदे, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांच्याकडे मदतीसाठी पत्रे धाडली, आणि स्त्रियांचे पथकही उभे केले असे सांगतात. स्त्रीशी लढून जिंकले तर कीर्ती नाही, हरले तर तोंड दाखवावयास जागा नाही, हे त्यांनी दादांना नीट समजावून दिले. लढाईविनाच संकट टळले. थोरले माधवराव पेशवे यांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. फौज तुकोजीराव होळकरांकडे आणि कारभार अहिल्याबाईंकडे, अशी व्यवस्था झाली. नर्मदातीरी महेश्वर ही राजधानी करून त्यांनी तेथे विणकर वसविले, घाट बांधले आणि रोज दरबारात बसून रयतेची दाद घेतली.

आता देवळांच्या खर्चाकडे पाहावे. काशी, गया, सोमनाथ ही स्थळे होळकरांच्या राज्यात नव्हती. तेथील कामांसाठी फौजेचा किंवा रयतेच्या महसुलाचा पैसा अहिल्याबाईंनी वापरला नाही. तो खर्च खासगीतून झाला, म्हणजे गौतमाबाईंनी जपलेल्या ठेव्यातून. ज्या मंदिरांवर आज अहिल्याबाईंचे नाव आहे, त्यांच्या पायात सासूबाईंचाही दगड आहे. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर तर दोघींची साक्ष देते. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार गौतमाबाईंचा आणि जवळचे शिवालय तीर्थ अहिल्याबाईंचे मानले जाते. सासूने कळस चढविला, सुनेने पायरी बांधली.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले आणि १७९१ मध्ये मुक्ताबाई सती गेल्या. जी माता स्वतः चितेवरून परतली होती, तिची विनवणी लेकीने ऐकली नाही. तरीही अहिल्याबाईंनी काम सोडले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

आपल्या धानाच्या मुलखात गावाचे देऊळ उभे राहते ते कोणा एकाच्या थैलीवर नव्हे. बांधीत रोवणी करून आलेली बाई मूठभर तांदूळ वेगळा काढून ठेवते, डोक्यावरून रेती-गिट्टी वाहते, भजनाला टाळ धरते आणि प्रसादाच्या चुलीशी रात्र काढते. देणगीदारांच्या फलकावर बहुधा तिच्या धन्याचे नाव लागते. अहिल्याबाईंचे स्मरण करताना गौतमाबाई, सुशीलाबाई आणि तळोद्याची वाट धरणारी ती अनाम माउली यांचेही स्मरण व्हावे, आणि फलकावर एक ओळ आपल्या गावच्या बायांसाठी राखावी. तीही देवाचीच सेवा होय.

पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या व त्यांना घडविणाऱ्या सर्व माउल्यांच्या पावन स्मृतीस शतशः प्रणाम.