फोर्डला पेट्रोल गाडीसाठी शाबासकी देणारा एडिसन पुढं इलेक्ट्रिक गाडीसाठी दहा वर्षं झटला

समजा तुम्ही ईव्ही घेऊन लांबच्या प्रवासाला निघालात. हायवेवर चहाला थांबलात, शेजारी चार्जर दिसला म्हणून गाडी लावली आणि प्लगच बसला नाही. चार्जर एका पद्धतीचा, गाडी दुसऱ्या पद्धतीची.

गाडी चांगली आहे, बॅटरी चांगली आहे, पण चार्ज कुठं आणि कशी करायची?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो शंभर वर्षांपूर्वीही होता. आणि त्यात हात भाजून घेणारा माणूस होता थॉमस अल्वा एडिसन.

एडिसन म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला बल्ब आठवतो. त्याच्या बॅटरीची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. शाळा जेमतेम काही महिने झाली, बाकी शिक्षण घरी आईकडं. पोरवयातच तो रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. कानांनी कमी ऐकू यायचं, तरी तारयंत्र शिकला. १८७७ साली फोनोग्राफ केला, १८७९ मध्ये टिकणारा बल्ब दाखवला.

नुसता बल्ब असून काय उपयोग, वीजही हवी. म्हणून ४ सप्टेंबर १८८२ ला त्यानं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं.

इथंच पुढच्या भांडणाचं मूळ आहे.

एडिसनची वीज डीसी होती, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. ती साधारण मैलभरच नीट पोहोचायची. समोर जॉर्ज वेस्टिंगहाउस एसी घेऊन उतरला. एसीची दिशा सतत बदलते आणि ती ट्रान्सफॉर्मरनं लांबवर नेता येते. त्याच्या बाजूला निकोला टेस्ला होता, जो कधीकाळी एडिसनच्याच कंपनीत काम करून गेला होता. एडिसन ही लढाई हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातून एडिसन गायब झाला.

आता येतो १८९६ चा ऑगस्ट.

न्यूयॉर्कजवळ वीज कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचं संमेलन होतं. तिथं डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीतला एक इंजिनिअर आला होता. त्यानं फावल्या वेळात पेट्रोलवर चालणारी गाडी बनवली होती. नाव हेन्री फोर्ड. एडिसननं त्याला खोदून खोदून प्रश्न विचारले आणि शाबासकी दिली. फोर्डनं पुढं सांगितलेल्या आठवणीनुसार, एडिसनचं म्हणणं असं होतं की इलेक्ट्रिक गाडीला वीजकेंद्राजवळच घुटमळावं लागतं, पेट्रोल गाडी मात्र आपली ताकद सोबत घेऊन फिरते.

म्हणजे दुखणं नेमकं काय आहे, हे एडिसनला तेव्हाच कळलं होतं. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, तो त्याच दुखण्यावर औषध शोधायला बसला.

तेव्हा इलेक्ट्रिक गाडी काही मागं नव्हती. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० गाड्यांपैकी १,५७५ इलेक्ट्रिक होत्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. बाकीच्या वाफेवर चालणाऱ्या. पेट्रोल गाडी सुरू करायला हँडल मारावं लागायचं. त्यात हात मोडायची भीती, वर धूर आणि आवाज. इलेक्ट्रिक गाडीची अडचण एकच होती, शिसं आणि आम्लाची बॅटरी. ती जड होती आणि लवकर खराब व्हायची.

एडिसननं शिसं आणि आम्ल दोन्ही बाजूला ठेवलं. निकेल, लोखंड आणि पोटॅशचं द्रावण घेऊन हजारो प्रयोग केले. बॅटरी बाजारात आली, तिचा गाजावाजा झाला.

आणि ती गळायला लागली. काही बॅटऱ्यांची ताकदही झपाट्यानं उतरू लागली.

१९०४ मध्ये एडिसननं उत्पादन थांबवलं, खराब बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. पन्नाशी उलटलेली, नाव झालेलं, तरी आणखी पाच वर्षं त्यात घातली. द्रावणात थोडं लिथियमचं संयुग टाकल्यावर बॅटरीची क्षमता वाढते, हेही त्याच काळात लक्षात आलं. १९०९ मध्ये नवी बॅटरी आली. ही मात्र दणकट होती, वर्षानुवर्षं टिकणारी.

पण तोवर दहा वर्षं गेली होती.

१९०१ मध्ये टेक्सासमध्ये तेलाचा प्रचंड साठा लागला. १९०८ मध्ये फोर्डनं ८५० डॉलरला मॉडेल टी आणली आणि पुढं किंमत उतरवतच नेली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल मारायची कटकट संपली. गंमत बघा, पेट्रोल गाडीची सगळ्यात मोठी अडचण विजेनंच सोडवली.

एडिसनची बॅटरी महाग होती आणि थंडीत ढेपाळायची. पण मोठा घोळ चार्जिंगचा होता. बॅटरीला डीसी लागते आणि गावोगावी पोहोचत होती एसी. त्यामुळं घरी चार्ज करायचं तर एसीची डीसी करणारं वेगळं यंत्र घ्यावं लागायचं. खेड्यांत तर वीजच नव्हती. १९३० च्या दशकातही अमेरिकेतल्या ग्रामीण भागात दहापैकी जवळपास नऊ घरं विजेविना होती. पेट्रोल मात्र डब्यात भरून दुकानातही मिळायचं.

१९१४ मध्ये फोर्ड आणि एडिसन, आता जिवलग मित्र, यांनी मिळून स्वस्त इलेक्ट्रिक गाडी आणायचं ठरवलं. प्रयोगासाठी गाड्या बनल्याही, पण बाजारात एकही आली नाही.

बॅटरी मात्र वाया गेली नाही. रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांचे दिवे, माल पोहोचवणारे इलेक्ट्रिक ट्रक अशा ठिकाणी ती खपली आणि एडिसनला उतारवयात चांगला पैसा देऊन गेली. १८ ऑक्टोबर १९३१ ला तो गेला, तेव्हा रस्ते पेट्रोल गाड्यांचे झाले होते.

आज गंमत अशी आहे की एसी-डीसीचा तो जुना प्रश्न अजूनही प्रत्येक ईव्हीत आहे. घरच्या प्लगमधून एसी येते आणि गाडीतलं यंत्र तिची डीसी करतं. हायवेवरचा फास्ट चार्जर ते काम बाहेरच उरकून थेट डीसी देतो, म्हणून गाडी लवकर भरते.

प्लगचं भांडणही चालूच आहे. जपाननं चाडेमो आणलं, चीननं जीबी-टी, युरोपनं सीसीएस-टू. भारतात सुरुवातीला भारत डीसी-००१ चे चार्जर लागले, आता बहुतेक नव्या गाड्या सीसीएस-टू घेऊन येतात. अमेरिकेत तर एका कंपनीनं स्वतःचा प्लग २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि बाकीच्यांनी तो उचलला. त्या कंपनीचं नाव टेस्ला, म्हणजे एडिसनच्या प्रतिस्पर्ध्याचंच.

त्यामुळं पुढच्या वेळी कुणी नव्या ईव्हीची रेंज सांगायला लागलं, तर एक प्रश्न नक्की विचारा, वाटेत हिचा प्लग बसेल असा चार्जर आहे का? कारण एडिसनची बॅटरी शेवटी चांगलीच निघाली होती, अडलं होतं ते रस्त्यावर.