विश्लेषण : मोटारीच्या इंजिनावर विमान उडतं? बर्नार्ड पीटनपोल यांनी ते कसं जमवलं?

देवगड तालुक्यातल्या मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात इंजिन हा रोजच्या बोलण्यातला विषय. कुणाचं किती डिझेल खातं, कुणाचा पंखा बदलायला झाला, सगळ्यांना ठाऊक असतं. समुद्रात इंजिन बंद पडलं तर तांडेल नांगर टाकतो, जवळच्या होडीला हाक मारतो आणि दोर लावून होडी ओढून आणतात. डिझेल जातं, दिवस जातो, पण माणसं बहुतेक वेळा घरी येतात. विमानात मात्र नांगर टाकायची सोय नाही. म्हणूनच मोटारीतून काढलेलं इंजिन घरी बांधलेल्या विमानाला लावायचं म्हटलं की ऐकणारा दचकतो. अमेरिकेतल्या एका खेड्यातल्या मेकॅनिकने 1929 मध्ये नेमकं हेच केलं होतं.

कोण होते पीटनपोल?

बर्नार्ड पीटनपोल यांचा जन्म 1901 चा. मिनेसोटा राज्यातलं चेरी ग्रोव्ह हे त्यांचं गाव. इंजिनीअरिंगची पदवी नव्हती. गाड्या दुरुस्त करता करता जे हाताला कळलं तेवढंच शिक्षण. त्या काळी विमानाचं नवं इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. उलट फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार दीड कोटीहून जास्त विकली गेलेली. तिचे सुटे भाग गावोगाव मिळत आणि ती दुरुस्त करणारा माणूसही.

त्यांनी आधी या ‘टी’च्याच इंजिनावर प्रयत्न केला. पण 20 अश्वशक्ती अपुरी पडली. मग फोर्डची ‘मॉडेल ए’ आली. चार सिलिंडर, 3.3 लिटर, 40 अश्वशक्ती. हे इंजिन बसवलेलं त्यांचं दोन आसनी ‘एअर कँपर’ 1929 मध्ये उडालं. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, पंख डोक्याच्या वर. पाण्याचा रेडिएटर बसणाऱ्याच्या समोर उभा, म्हणजे समोरचं दिसायची पंचाईतच. देखणं म्हणावं असं ते विमान नव्हतं.

तेच इंजिन का चाललं?

आकडे पाहिले तर 40 अश्वशक्ती आजच्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी. खरी गंमत आहे फेऱ्यांमध्ये. ‘मॉडेल ए’ आपली पूर्ण ताकद मिनिटाला फक्त 2200 फेऱ्यांवर देतं. आता दोन मीटर लांबीचा पंखा घ्या. 2200 फेऱ्यांना त्याची टोकं सेकंदाला साधारण 230 मीटर वेगाने फिरतात. तोच पंखा आजच्या मोटारीच्या इंजिनाला थेट जोडून 4500 फेऱ्यांनी फिरवला तर टोकांचा वेग 470 मीटरवर जातो. आवाजाचा वेग 340 मीटरच्या आसपास. टोकं तो वेग ओलांडू लागली की ओढ घटते आणि गोंगाट वाढतो. त्यामुळे आजचं इंजिन वापरायचं तर मध्ये गिअर किंवा पट्टा हवा. म्हणजे वजन वाढलं आणि तुटणारी आणखी एक वस्तू वाढली. जुनं, जड, संथ फोर्ड इथे कामाचं ठरलं. पीटनपोल यांनी त्याला पंखा थेट जोडला.

अर्थात इंजिन जसंच्या तसं उचलून लावलं नाही. मोटारीत क्रँकशाफ्ट नुसता फिरतो. विमानात पंखा त्याला सतत पुढे ओढत असतो, म्हणून ती ओढ पेलणारं बेअरिंग हवं. ठिणगीसाठी त्यांनी बॅटरीवर विसंबून न राहता मॅग्नेटो वापरला. आणि रस्त्यावर मोटार क्वचितच पूर्ण जोर लावते, विमान मात्र उड्डाण घेताना पूर्ण जोरावर आणि नंतरही बराच वेळ त्याच्या जवळपास चालतं. मोटारीचं इंजिन हवेत दगा देतं ते बहुधा इथेच. पीटनपोल यांचं मोठेपण इंजिन निवडण्याइतकंच त्याच्याकडून मर्यादेत काम घेण्यात होतं. हा भाग त्यांच्यावरच्या कौतुकात बरेचदा सुटतो.

संपादकाचं मत कसं बदललं?

वेस्टन फार्मर हे ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाचे संपादक. मोटारीच्या इंजिनावर विमान चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पीटनपोल यांनी वाद घातला नाही. 1930 च्या एप्रिलमध्ये ते आणि त्यांचा एक मित्र दोन विमानं घेऊन मिनिआपोलिसला उडत गेले आणि ती संपादकांसमोर उभी केली. अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. फार्मर यांनी मत बदललं आणि 1932 मध्ये ‘एअर कँपर’चे आराखडे छापले. महामंदीचे दिवस. खिशात पैसे नाहीत, पण अंगणात जुनी फोर्ड उभी आहे, अशा वाचकांना ‘ए’चं इंजिनही परवडेना. त्यांच्यासाठी पीटनपोल यांनी ‘टी’च्या इंजिनावर चालणारं एक आसनी ‘स्काय स्काउट’ तयार केलं.

पुढे काय झालं?

विमान बांधणं हा त्यांचा कधी मोठा व्यवसाय झाला नाही. उतारवयात टीव्ही दुरुस्तीही केली. पण डोकं इंजिनातच. शेवरलेच्या ‘कॉरव्हेअर’ मोटारी भंगारात येऊ लागल्या, तेव्हा 1960 च्या दशकात त्यांनी त्यांचं सहा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन ‘एअर कँपर’ला बसवलं. रेडिएटर एकदाचा डोळ्यांसमोरून गेला.

आपल्याकडे घरी विमान बांधणाऱ्याची वाट अजून अवघड आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, त्याची नोंदणी व्हायला 2017 उजाडलं.

पीटनपोल 1984 मध्ये गेले. चेरी ग्रोव्हमधलं त्यांचं हँगर विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश इथे हलवून जपून ठेवलं आहे. त्यांच्या आराखड्यांवरून हौशी लोक अजून विमानं बांधतात. काही जण आजही शोधून शोधून ‘मॉडेल ए’चंच इंजिन आणतात.