हिऱ्याच्या कुड्या नाकारणाऱ्या अन्ना मणींनी हवामान खात्याची यंत्रं पुण्यात घडवली

जालना जिल्ह्यातलं भोकरदन तालुक्यातलं धावडा. इथं रात्रभर पाऊस कोसळला की सकाळी कपाशीत साचलेलं पाणी सगळ्या गावाला दिसतं. पण सरकारदरबारी अतिवृष्टी धरायची तर २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला जावा लागतो. यंत्रानं ६४ दाखवले की झाला वाद सुरू. म्हणजे शेतकऱ्याचं गाऱ्हाणं शेवटी एका यंत्रापाशी येऊन अडतं. आणि ते यंत्र बरोबर मोजतंय का?

याच प्रश्नामागं एका बाईंनी अख्खी नोकरी घालवली. त्या म्हणजे अन्ना मणी.

२३ ऑगस्ट १९१८ ला त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडला त्यांचा जन्म झाला. घर खात्यापित्यांचं. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची घरची रीत होती. अन्नानं त्या नको म्हणून सांगितलं आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. गांधीजींच्या वायकोम भेटीनंतर अंगावर खादी आली, ती कायमची.

गंमत बघा, पुढं नशिबात हिरेच आले. १९४० मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केलं. १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध. प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे गेला, पण एमएस्सी नाही म्हणून विद्यापीठानं पीएचडी नाकारली. काम कसं आहे हा मुद्दाच आला नाही, कागद कमी पडला.

१९४५ मध्ये त्या लंडनच्या इम्पिरियल कॉलेजला गेल्या. ओढ भौतिकशास्त्राची होती, मात्र शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. हवामानशास्त्रात त्या आल्या त्या अशा.

१९४८ मध्ये परतून त्या पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. सिमला ऑफिस चौकाला नाव देणारं हेच ते खातं, १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलेलं. देश स्वतंत्र झाला होता, पण साधा तापमापक आणि पर्जन्यमापकही बाहेरून यायचा. एस. पी. व्यंकटेश्वरन यांनी इथंच यंत्रं बनवायचं मनावर घेतलं होतं. १९५३ मध्ये विभागाची सूत्रं मणींकडे आली, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष होते.

त्यांनी जवळपास १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. ऐकायला हे काम रुक्ष वाटतं. पण नागपूरचं यंत्र एक अंश जास्त आणि रत्नागिरीचं एक अंश कमी दाखवत असेल, तर दोन्हींच्या नोंदी शेजारी मांडून करायचं काय? चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा खाक्या होता.

हवामानशास्त्रज्ञांची बिरादरीही याच काळात उभी राहत होती. इंडियन मेटिऑरॉलॉजिकल सोसायटी १९५६ ची. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष सुरू झालं. भारताचे आकडे जगाच्या आकड्यांशेजारी बसायचे, तर यंत्रं तोडीस तोड हवीत. मणींनी देशभर सौर किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं विणलं. वातावरणातला ओझोन मोजणारं फुग्यासोबत सोडायचं देशी उपकरणही त्यांच्या देखरेखीखाली तयार झालं, त्या वेळी मोजक्याच देशांकडे ते होतं. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर त्यांची निवड झाली.

बाई म्हणून आपलं वेगळं कौतुक व्हावं हे त्यांना पटायचं नाही. खरं तर त्या काळी या क्षेत्रात बायका बोटावर मोजण्याइतक्या होत्या, त्यामुळं लोक विचारणारच.

१९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावरही काम थांबलं नाही. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सौर किरणांवरचे त्यांचे दोन ग्रंथ आले. सोलर पॅनल घरोघरी दिसण्याच्या कितीतरी आधी कुठं किती ऊन पडतं याचा हिशेब त्यांनी मांडून ठेवला होता. पवनऊर्जेसाठी वाऱ्याची मोजणीही केली.

१९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरममध्ये त्या गेल्या. पीएचडी न मिळालेला त्यांचा प्रबंध बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.