स्वरांची वाट सोपी करणारे नोआ वेब्स्टर

बाराखडी पक्की झाली की मराठी मूल समोरचा जवळपास कोणताही शब्द वाचू लागते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या नशिबी हे सुख नाही. तेथे स्वरांची अक्षरे पाच, उच्चार मात्र पंधराच्या आसपास. ‘ई’ आणि ‘ए’ ही एकच जोडी ‘टीचर’, ‘ब्रेड’ आणि ‘ब्रेक’ या तीन शब्दांत तीन निरनिराळे उच्चार धारण करते. या गोंधळातून मुलांसाठी वाट काढण्याचा ध्यास अमेरिकेतील एका तरुण शिक्षकाने घेतला. ते म्हणजे नोआ वेब्स्टर. जग त्यांना कोशकार म्हणून ओळखते. परंतु त्यांच्या संसाराला दीर्घकाळ आधार दिला तो मुलांसाठी लिहिलेल्या एका लहानशा पुस्तकाने.

वेब्स्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी कनेक्टिकटमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलाला येल महाविद्यालयात पाठवण्यासाठी वडिलांनी शेत गहाण टाकले. १७७८ मध्ये पदवी मिळाली, तेव्हा स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते. वेब्स्टर यांनी शिक्षकी पत्करली. त्या काळी शाळांमध्ये टॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचे पुस्तक प्रचलित होते. न्यूयॉर्क राज्यातील गोशेन येथे शिकवत असताना वेब्स्टर यांनी त्याला पर्याय तयार केला आणि १७८३ मध्ये तो हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झाला.

त्यांची युक्ती साधी होती. डिलवर्थ ‘क्लस्टर’ हा शब्द ‘एस’च्या आधी तोडीत, त्यामुळे पहिला तुकडा स्वरावर संपे आणि मूल तो स्वर लांबवून वाचण्याचा संभव असे. वेब्स्टर यांनी तो ‘एस’नंतर तोडला. व्यंजनाने बंद झालेल्या तुकड्यातील स्वर आपोआप आखूड झाला. शिवाय दीर्घ स्वराला एक, ऱ्हस्व स्वराला दोन अशा अंकांच्या खुणा देऊन त्यांनी एकाच अक्षराचे भिन्न उच्चार वेगळे केले. निळ्या वेष्टनामुळे ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या. मुद्रकांनी ते परस्पर छापू नये म्हणून वेब्स्टर राज्याराज्यांत फिरले. अमेरिकेतील स्वामित्वहक्क कायद्यामागे त्यांच्या या खटपटीचाही वाटा आहे.

बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सहवासात वेब्स्टर अधिक धीट झाले. आरंभी वर्णसुधारणेला विरोध करणाऱ्या वेब्स्टर यांनी १७८९ मध्ये अनुच्चारित अक्षरे काढून टाकण्याची सूचना केली. ‘ब्रेड’मधील ‘ए’ कशासाठी, हा त्यांचा रोख होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी काही निबंध नव्या वर्णलेखनात छापलेही. लोकांनी ते स्वीकारले नाही. उलट थट्टा झाली. जे वाचायला शिकले होते त्यांना जुनी सवय मोडायची नव्हती, आणि जी मुले शिकणार होती त्यांचे मत कोणी विचारत नव्हते.

वेब्स्टर यांनी मग तडजोड केली. १८०६ च्या लहान कोशात आणि १८२८ च्या सुमारे ७०,००० शब्दांच्या बृहत्कोशात त्यांनी ‘कलर’, ‘ऑनर’ यांतील ‘यू’ गाळला. अमेरिकेने एवढे मान्य केले. मोठ्या कोशाने मात्र पैसा दिला नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांना घर गहाण ठेवावे लागले. वडिलांचे शेत ज्या विद्येपायी गहाण पडले, तिच्याचपायी मुलाचे घरही गहाण पडले.

२८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. संगणकावर अमेरिकी वर्णलेखन निवडणारा प्रत्येक जण आज नकळत वेब्स्टर यांचाच निर्णय पाळतो. ‘ब्रेड’मधील ‘ए’ मात्र हटलेला नाही. तो ओलांडून जाण्यास मुलाला आजही जाणत्या शिक्षकाचाच हात लागतो.