बेळगावचा किल्ला घेणारा वजीर : महमूद गवान



आपल्या कंग्राळीकरांचे बेळगावला जाणे-येणे रोजचेच. किल्ल्याचा खंदक, आतली कमल बस्ती आणि साफा मशीद आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. हा किल्ला १४७३ मध्ये बहामनी फौजेने वेढा घालून घेतला. त्या वेढ्यामागचा मुख्य माणूस होता वजीर महमूद गवान. त्याच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून ही थोडक्यात ओळख.

गवानचा जन्म १४११ चा, इराणच्या गिलान प्रांतातला. घराणे दरबारी होते, पण तिथल्या कारस्थानांना कंटाळून त्याने देश सोडला आणि व्यापार धरला. वयाच्या चाळिशीनंतर तो दाभोळ बंदरात उतरला व तिथून बहामनींच्या राजधानीत, बिदरला आला. सुलतान अल्लाउद्दीन याने त्याची हुशारी ओळखून त्याला दरबारात ठेवून घेतले. पुढे हुमायूनच्या कारकिर्दीत तो वजीर झाला आणि १४६६ पासून तिसऱ्या महंमद शहाचा सगळा कारभार त्याच्याच हाती आला.

कोकणातल्या मोहिमेत त्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, व संगमेश्वर घेतले आणि १४७२ मध्ये गोवाही जिंकला. गोवा हे विजयनगरचे महत्त्वाचे बंदर होते. ते परत मिळवण्यासाठी विजयनगरच्या चिथावणीने बेळगावच्या राजाने हालचाल सुरू केली. तेव्हा सुलतान स्वतः गवानला बरोबर घेऊन बेळगाववर चालून आला.

भोवती पाण्याचा खोल खंदक आणि मजबूत तट, असा हा किल्ला. वेढ्याच्या फौजेने खंदक भरायला घेतला, तरी किल्ल्यातले लोक दाद देईनात. शेवटी गवानने तटाखाली सुरुंग खणून त्यात दारू ठासली. दख्खनमधल्या वेढ्यांत दारूच्या सुरुंगाचा हा अगदी सुरुवातीचा वापर मानतात. तटाला भगदाडे पडली, तिथे मोठी कापाकापी झाली. किल्ला आता वाचत नाही हे दिसल्यावर राजा वेष पालटून, स्वतःचाच वकील म्हणून सुलतानापुढे गेला आणि गळ्यात पागोटे अडकवून शरण आला, असे तवारिखकार फिरिश्ता सांगतो. त्याला जीवदान मिळाले. बेळगाव व आसपासचा मुलूख गवानच्या जहागिरीत गेला.

याच सुमारास बिदरला त्याने बांधलेला तीन मजली मदरसा उभा राहिला. तिथे तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. पण त्याचे खरे काम कारभारातले. चार मोठ्या तरफांचे त्याने आठ भाग केले. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाची माणसे नेमली, जमिनीची मोजणी करवली. यात ज्यांचे अधिकार गेले ते त्याचे वैरी झाले. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट आधीपासून होतेच.

या वैऱ्यांनी गवानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवले, दारू पाजून त्याच्याकडून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले आणि ते सुलतानाच्या हाती पडेल असे केले. कोऱ्या कागदावरचा शिक्का म्हणजे काय, हे बँकेत नोकरी केलेल्याला सांगावे लागत नाही. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, असे गवानने सांगितले. पण नशेत असलेल्या सुलतानाने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, कोंडापल्लीच्या छावणीत, सत्तरीच्या या वजिराचा शिरच्छेद झाला.

नंतर सुलतानाने त्याच्या खजिन्याची झडती घेतली. अपार धन सापडेल ही अपेक्षा होती, निघाले ते अगदी थोडे. खजिनदाराने हिशेब दिला, तो असा. वजिराने येताना चाळीस हजार लारी, म्हणजे चांदीची नाणी, आणली होती. त्या भांडवलावर तो व्यापार करी, नफ्यातून रोज बारा लारी स्वतःच्या खर्चाला ठेवी आणि बाकी गोरगरिबांना देई. जहागिरीचे उत्पन्न फौजेच्या पगारात व सरकारी कामात जाई. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण वर्षभरातच तोही वारला. पुढे काही वर्षांतच बहामनी राज्याचे तुकडे झाले आणि बेळगाव विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले.

गवान आपल्या मुलखावर चालून आलेला होता, हे विसरायचे कारण नाही. कोकणातल्या आणि बेळगावच्या लोकांनी त्याच्या स्वाऱ्या सोसल्या. पण एवढी सत्ता हाती असूनही त्याचा हिशेब चोख निघाला, हेही तितकेच खरे. सुट्टीत मुलांना किल्ला दाखवायला नेलेत, तर खंदकाच्या काठावर थोडे थांबून त्यांना या वेढ्याची गोष्ट जरूर सांगा. आणि बिदरला जाणे झाले, तर त्या मदरशाचा उरलेला मिनारही बघून या.